अन्नपेढी आणि आपली रविवारची फेरी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, पंधरा मिनिटं बोला. विषय तुमचा तुम्ही ठरवा, फक्त मेंटेनन्सवर नको." मी सलग नऊ वर्षं या सोसायटीचा खजिनदार होतो, त्यामुळे त्यांची भीती मला समजते. मी विषय निवडलाय आपल्या रविवार सकाळच्या फेरीचा. मेंटेनन्सही मध्ये एकदा येणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो.

ही फेरी सुरू झाल्यापासून मला एक प्रश्न बरेच जण विचारतात. "काका, पळायचं असेल त्याने पळावं, दान करायचं असेल त्याने करावं. दोन्हीची मोट एकत्र कशाला बांधायची?" प्रश्न रास्त आहे. मीही पहिल्यांदा हेच विचारलं होतं, आणि ते जावयाला विचारलं होतं.

२०२३ साली आम्ही दोघं मुलीकडे रेडिंगला राहिलो होतो. गावाच्या नावाचं स्पेलिंग 'रीडिंग' असं वाचलं जातं, पण म्हणायचं रेडिंग. लंडनच्या पश्चिमेला आहे, जलद रेल्वेगाडीने अर्धा तास लागत नाही. हे एकेकाळी बिस्किटांचं गाव होतं. हंटली अँड पामर्स या कंपनीची सुरुवात तिथे १८२२ साली एका छोट्या दुकानातून झाली आणि पुढे त्यांच्या पत्र्याच्या डब्यांतून बिस्किटं जगभर गेली. ते रंगीत डबे तिथल्या म्युझियममध्ये मांडून ठेवलेत, ते पाहून आमच्या हिला आजीच्या घरचा सुईदोऱ्याचा डबा आठवला. १९७६ मध्ये तिथलं बिस्किटांचं उत्पादन बंद झालं. अशा गावात कुणाला खायला कमी पडत असेल, असं वरवर पाहून वाटत नाही. रस्ते स्वच्छ, दुकानं भरलेली.

आमचे जावई आठवड्यातून एक संध्याकाळ लाल टी-शर्ट घालून पळायला जायचे आणि परत यायचे ते हाताला माती लावून. मी विचारलं, "पळायला जाता की शेतात?" मग त्यांनी सांगितलं. तिथे गुडजिम नावाची संस्था आहे. पूर्व लंडनमध्ये आयव्हो गॉर्मली नावाच्या तरुणाने ती सुरू केली. त्याचं म्हणणं असं की जिममध्ये माणसं एवढी ताकद खर्च करतात, जड वजन उचलतात आणि परत तिथेच ठेवतात, त्यातून कुणाचं काहीच होत नाही. तो स्वतः पळत पळत जाऊन घरात अडकून पडलेल्या एका वयस्कर गृहस्थांना पेपर नेऊन द्यायचा. पळणंही होई, त्या गृहस्थांना चार शब्द बोलायला माणूसही मिळे. पुढे असे पळत जाऊन ज्येष्ठांना भेटणारे अनेक जण झाले. गंमत म्हणजे ते ज्यांना भेटायला जात, त्या ज्येष्ठांना ते 'कोच' म्हणत. कारण कोच वाट बघत बसलाय म्हटल्यावर थंडीतसुद्धा पळायला जावंच लागतं!

आता ही मंडळी कितीतरी शहरांत आहेत. गटाने पळत एखाद्या ठिकाणी जायचं, तिथे तासभर अंगमेहनतीचं काम करायचं आणि पळत परत यायचं. कधी बाग साफ करायची, कधी कुणाचं जड कपाट हलवायचं, आणि बऱ्याचदा फूड बँकेत हमाली करायची.

'बँक' शब्द ऐकल्यावर माझे कान टवकारले. छत्तीस वर्षं बँकेत घालवलेल्या माणसाला फूड बँक माहीत नाही, हे बरं दिसत नव्हतं. मग मी वाचलं. ही कल्पना १९६७ साली अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल या गृहस्थांनी उभी केली. ते गरिबांच्या जेवणघरात काम करायचे. तिथे येणारी एक बाई दुकानांनी टाकून दिलेल्या मालातून चांगलं अन्न वेचून मुलांना वाढवत होती. तीच त्यांना म्हणाली की अन्नाचीही बँक असायला हवी, ज्याच्याकडे जास्त आहे त्याने भरावं आणि ज्याला लागेल त्याने काढावं. म्हणजे पेढीची कल्पना एका उपाशी आईची. मी तेव्हापासून फूड बँकेला अन्नपेढी म्हणतो.

एका संध्याकाळी मी जावयांबरोबर गेलो. चालत येणारेही त्यांना चालतात, म्हणून धावणारे पुढे आणि मी कानटोपी घालून मागे. पोचलो तर एक मोठं गोदाम. बँकेत असताना मी कर्जदारांच्या गोदामांत स्टॉक तपासायला जायचो, त्यामुळे तिथे मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. आलेल्या मालाचं आधी वजन करायचं आणि ते वहीत लिहायचं. मग एकेक डबा हातात घेऊन त्यावरची तारीख शोधायची आणि जाड पेनाने ती वर मोठ्या अक्षरात लिहायची. मग त्या त्या महिन्याच्या क्रेटमध्ये डबा टाकायचा. ज्याची तारीख आधी संपते तो माल आधी बाहेर. बीन्सचे डबे, टोमॅटो, पास्ता, न नासणारं दूध, चहा, मुलांचं खाणं. वीस जणांनी तासाभरात एवढा माल लावला की रोजच्या दोन-तीन वयस्कर कार्यकर्त्यांना त्याला आठवडा लागला असता. पळून आलेल्या गटाचा उपयोग काय, ते मला तिथे कळलं. तयार, गरम झालेली, एकमेकांना ओळखणारी वीस माणसं ठरलेल्या वेळी दारात हजर होतात. बोलवा म्हणून कुणाच्या मागे लागावं लागत नाही.

एका कोपऱ्यात काही वेगळ्या पिशव्या होत्या. त्यांत फक्त गरम पाणी ओतून खाता येतील असे पदार्थ. मी विचारलं, हे वेगळं का? तर म्हणाले, काही घरांत गॅस-विजेचे पैसे भरायची ऐपत नसते, त्यांच्याकडे फार तर किटली चालते. आणि काहींकडे तीही नाही, त्यांच्यासाठी थंडच खाता येईल अशी पिशवी. जगाला बिस्किटं पुरवणाऱ्या गावात हे! आणि तो काही एका गावाचा प्रश्न नाही. ब्रिटनमध्ये ट्रसेल नावाचं अन्नपेढ्यांचं मोठं जाळं आहे. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या एका वर्षात त्यांनी ३१ लाखांवर पाकिटं दिली.

मग माझ्यातला अधिकारी जागा झाला. तिथलं काम बघणाऱ्या बाईंना मी विचारलं, "येणारा माणूस खरोखर गरजू आहे हे तुम्ही कसं तपासता?" त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांना डॉक्टर पाठवतात, शाळा पाठवते, सल्ला केंद्र पाठवतं. आमच्या दारात येईपर्यंत त्यांनी आपली कहाणी दोनदा सांगून झालेली असते. तिसऱ्यांदा आम्ही विचारत नाही. काय खाल्लेलं चालत नाही आणि घरात तान्हं बाळ आहे का, एवढं विचारतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता मेंटेनन्स येतोय. मी जे सांगणार आहे ते त्या कुटुंबाची परवानगी घेऊन सांगतोय. ते आता आपल्या सोसायटीत राहत नाहीत. ज्यांना ओळख पटेल त्यांनी कृपा करून नाव घेऊ नये.

२०२१ ची सुरुवात. मी खजिनदार होतो. एका सभासदाचा सात महिन्यांचा मेंटेनन्स थकला होता. दोन स्मरणपत्रं गेली, उत्तर नाही. तेव्हाच्या उपविधींनुसार थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येत होतं. मी पूर्ण २१ टक्के लावलं आणि थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डवर लावली. यादीत एकच नाव होतं. एका नावाची यादी! टाइप करताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आमच्या हिला मात्र वाटलं. ती म्हणाली, "अहो, त्यांच्या दाराला दुधाच्या दोन पिशव्या असायच्या, आता अर्ध्या लिटरची एक असते. तीही रोज नसते. जरा चौकशी करा." मी काय म्हणालो ते माझ्या अजून कानात आहे. मी म्हणालो, "दुधाचा आणि मेंटेनन्सचा काय संबंध?"

त्या गृहस्थांची नोकरी पर्यटन व्यवसायातली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हाच ती गेली होती. दहा-अकरा महिने ते रोज सकाळी लिफ्टमध्ये "नमस्कार काका" म्हणत होते आणि घरात चौघं जण एक वेळ खिचडीवर काढत होती. आपल्याच सोसायटीने त्या काळात वॉचमन आणि कामवाल्या मावशींना शिधा वाटला. मीच त्याचा हिशेब ठेवला, पैसा न् पैसा जुळला. आणि वरच्या मजल्यावर काय चाललंय, ते माझ्या हिशेबात नव्हतं. फ्लॅट भाड्याने देऊन ते गावी गेले. जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आले, चेक दिला आणि म्हणाले, "व्याज बरोबर आहे ना, एकदा तपासून घ्या." मी तपासून घेतलं. पावती दिली.

गेल्या महिन्यात मी त्यांना फोन केला. आता त्यांचं बरं चाललंय. या भाषणाबद्दल विचारलं तर म्हणाले, "सांगा काका. पण एक लक्षात घ्या, मला यादीचा राग नव्हता, नियम तो नियम. माझ्या मुलीने खाली खेळताना ती वाचली आणि वर येऊन मला विचारलं, बाबा, थकबाकीदार म्हणजे काय? तेवढं मात्र लागलं."

मित्रहो, माझे वडील याच पुण्यात वार लावून शिकले. तरुण मंडळींसाठी सांगतो, गरीब विद्यार्थ्याने आठवड्याचे सात वार सात घरी जेवायचं, अशी ती पद्धत होती. वडील म्हणायचे, सातही घरांनी पोटभर वाढलं, पण मंगळवारच्या घरची वाट ते बघायचे. त्या घरच्या काकू वाढताना काही विचारायच्या नाहीत, फक्त ताक लागेल का म्हणायच्या. बाकीच्या घरी अभ्यास किती झाला, मार्क किती पडले, वडील काय करतात, याचा जबाब आधी द्यावा लागे. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. तरी रेडिंगच्या गोदामात एका परक्या बाईने सांगेपर्यंत ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

परत आल्यावर मी आपल्या मॉर्निंग वॉकच्या कट्ट्यावर विषय काढला. पुण्याला पळणं नवीन नाही, १९८३ पासून इथे मॅरेथॉन होते. आणि मूठमूठ गोळा करणंही नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची मुलं जगवली त्यात मुष्टिफंडाचा वाटा होता. घरची बाई दळण करताना मूठभर धान्य बाजूला ठेवायची. आपण या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, एवढंच.

कुठे जायचं हेही शोधावं लागलं. आपल्या गेटपासून अडीच किलोमीटरवर एक सेवाभावी स्वयंपाकघर आहे, तिथून सरकारी रुग्णालयातल्या पेशंटच्या नातेवाइकांना दोन वेळचं जेवण जातं. तुम्ही म्हणाल, रेशन आहे, शिवभोजन थाळी आहे. आहेच, आणि त्यांचा मोठा आधार आहे. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य मिळतं. पण खेड्यातून आलेला माणूस बायकोच्या कॉटखाली पंधरा दिवस झोपतो, त्याला धान्य मिळालं तरी तो शिजवणार कुठे? पेशंटला सोडून दुपारी रांगेत उभा कसा राहणार? त्याला वॉर्डाच्या दाराशी डबाच हवा.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या रविवारी आपण सात जण निघालो. आमच्या चुका ऐका. पहिली चूक, बी विंगमधल्या एका उत्साही तरुणाने पाच किलो तांदूळ पाठीवर घेऊन पळायचं ठरवलं आणि तो आठवडाभर कंबर धरून बसला. तेव्हापासून सामान आदल्या संध्याकाळी रिक्षाने जातं, आणि आपण मोकळ्या हाताने जातो. दुसरी चूक, आम्ही घरोघरी 'जास्तीचं असेल ते द्या' म्हणालो. काय आलं? मुदत संपलेली बिस्किटं, दिवाळीतल्या चिवड्याचा तळ आणि पोरकिडे झालेला रवा. तिथल्या ताईंनी सगळं हसून घेतलं. नंतर मला कळलं की ते निवडून टाकण्यात त्यांची एक सकाळ गेली. आता नियम एकच आहे, जे आज आपल्या ताटात वाढणार नाही ते द्यायचं नाही. आणि त्यांनी सांगितलेलंच द्यायचं. या महिन्यात तूरडाळ आणि तेल म्हटलं तर तूरडाळ आणि तेलच. तिसरी चूक माझी. मी पहिल्या दिवशी वाढतानाचा फोटो काढला. रांगेतल्या एका आजोबांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. तो फोटो मी तिथेच पुसला. आपल्या ग्रुपवर फेरीचे फोटो का येत नाहीत, याचं उत्तर हे आहे.

पैसे आपण गोळा करत नाही. खजिनदाराला वहीच उघडावी लागू नये, याच्यासारखं सुख नाही. सव्वासहाला गेटवरून निघायचं. पळणारे पळतात, आमच्यासारखे चालतात, गुडघे दुखणाऱ्या दोन आजी सामानाच्या रिक्षातून आदल्या दिवशीच जाऊन धान्य निवडून येतात. तिथे तासभर भाजी चिरायची, पातेली उचलायची, डबे भरायचे, आणि परत. पावसाळ्यात संख्या तिघांवर आली होती, पण फेरी चुकली नाही. आता वीसच्या आसपास असतो.

तर मोट एकत्र का बांधायची? माझा अनुभव सांगतो. मी एकटा चालायला निघालो की थंडी जास्त वाटते, आणि एकटा मदत करायला निघालो की पुढच्या महिन्यावर ढकलतो. पण सव्वासहाला चौघं गेटवर उभे असतात आणि तिकडे कांदे चिरायचे पडलेले असतात, म्हणून मी उठतो. माझी साखर उतरली, हा फायदा आहेच. बँकेच्या भाषेत सांगायचं तर एकरकमी मोठी देणगी ही मुदत ठेव, आणि ही आपली आवर्ती ठेव. हप्ता लहान, पण चुकवायचा नाही.

दुसरा फायदा मला अपेक्षित नव्हता. शेजारी शेजारी चालताना माणसं बोलतात. समोरासमोर बसून जे सांगता येत नाही ते चालताना, रस्त्याकडे बघत सांगता येतं. या पावणेदोन वर्षांत मला या फेरीत तीन घरांची अडचण कळली. कोणती, ते मी सांगणार नाही. योग्य त्या ठिकाणी योग्य ती व्यवस्था झाली आणि नोटीस बोर्डवर काही लागलं नाही. २०२१ मध्ये ही फेरी असती, तर मला वाटतं, अर्ध्या लिटरच्या पिशवीचा अर्थ मला कुणीतरी चालता चालता सांगितला असता.

अन्नपेढीने सगळे प्रश्न सुटत नाहीत हेही मला ठाऊक आहे. ट्रसेलवालेच म्हणतात की आमची गरजच उरू नये. नोकरी, आजारपण, औषधांचा खर्च हे मोठे प्रश्न आहेत, ते आपल्या कांदे चिरण्याने मिटणार नाहीत. पण आपल्या जिन्यातलं माणूस उपाशी आहे हे आपल्याला माहीत नसणं, हा प्रश्न आपल्याच हातात आहे.

म्हणून या रौप्यमहोत्सवी वर्षात माझ्या दोन विनंत्या. पहिली कार्यकारिणीला. येत्या सर्वसाधारण सभेत ठराव आणावा की थकबाकीदारांची यादी बोर्डवर लागणार नाही, आणि कुणालाही नोटीस पाठवण्याआधी दोन पदाधिकारी त्या घरी जाऊन बेल वाजवतील. कागद न नेता, चहाला म्हणून. वसुली करूच नये असं मी म्हणत नाही, माझ्या तोंडून ते निघणार नाही. आधी चौकशी, मग वसुली, एवढंच म्हणतो. हा ठराव मी स्वतः मांडीन. अनुमोदक हवा आहे.

दुसरी विनंती सगळ्यांना. या रविवारी सव्वासहा वाजता गेटवर या. बूट असतील तर बूट घालून, नाहीतर चपला चालतील. या महिन्यात त्यांनी मूगडाळ आणि शेंगदाणे मागितलेत. शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत वॉचमनच्या केबिनमध्ये आणून ठेवा, आणि पाकिटावरची तारीख वाचून आणा. मी तपासणार आहे, ती सवय काही सुटत नाही!